वैद्याची फी कोणाची?

कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय ठाणे महापालिकेचे. १९९२ मध्ये सुरू झालेले राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालयही तिचेच. मुंब्रा-दिव्यापासून शहापूर-मुरबाडपर्यंतचा गरीब रुग्ण शेवटी इथे येतो. इथला प्राध्यापक ओपीडी बघतो, विद्यार्थी घडवतो आणि पगार घेतो. त्याच्या कौशल्याला घोडबंदर रोडवरच्या खाजगी रुग्णालयांत कितीतरी चढा भाव आहे. मग त्या कौशल्याचे फळ कोणाचे?

चरकाने वैद्यकी भूतदयेसाठी करावी असे बजावले आणि औषधोपचाराचा बाजार मांडणाऱ्याला झोडपले. पण त्याच संहितेत श्रीमंतांकडून मिळणारे धन आयुर्वेदाच्या फळांत धरले आहे! वैद्याने उपाशी राहावे, असे चरकाचे म्हणणे कधीच नव्हते.

हाच पेच १९१३ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये उभा राहिला. रॉकफेलरच्या मंडळाने १५ लाख डॉलर देऊ केले. अट एकच होती: क्लिनिकल प्राध्यापकांनी पगारावर राहायचे, खाजगी रुग्णांची फी संस्थेत जमा करायची. हॉपकिन्सचे माजी प्राध्यापक विल्यम ऑस्लर यांनी आधीच ऑक्सफर्डहून विरोध कळवला होता. अशाने प्राध्यापक प्रयोगशाळेत रमतील आणि रुग्णांपासून तुटतील, ही त्यांची भीती अगदीच पोकळ नव्हती. मेयो क्लिनिकच्या मेयो बंधूंनी तर १९१९ मध्ये आपली मालमत्ता ना-नफा संस्थेच्या हवाली केली. पुढे अनेक अमेरिकी महाविद्यालयांत प्राध्यापकांच्या सामूहिक प्रॅक्टिस उभ्या राहिल्या. फी एका तिजोरीत जाते, डीनचा वाटा बाजूला निघतो, आणि उरलेल्याचे काय करायचे ते बहुधा विभागप्रमुखांचे मंडळ ठरवते. या मंडळांत भांडणे होतातच. जास्त कमावणाऱ्या सर्जनला बालरोग विभागाचा तोटा का भरायचा, हे दरवेळी नव्याने पटवावे लागते.

मुंबईने उलटी वाट धरली. महापालिकेच्या केईएम रुग्णालयात ऑनररी डॉक्टर नाममात्र मानधनावर शिकवत आणि कमाई आपल्या कन्सल्टिंग रूममध्ये करत. सेवा इथे, फळ तिथे. नंतर पूर्णवेळ प्राध्यापक आले, खाजगी प्रॅक्टिस न करण्याबद्दलचा व्यवसायरोध भत्ता आला. या भत्त्याने फळ तोडले, पण ते सर्वांच्या कामी लावायची सोय केली नाही.

गीतेतला कर्मफलत्याग इथे उपयोगी पडतो. फळावरचा एकट्याचा हक्क सोडायचा, तर ते कोणाच्या हाती जाते हे पाहणे सोडणाऱ्याचे कर्तव्यच ठरते. आज कळव्यात पैशाचा निर्णय महापालिका घेते. ऑगस्ट २०२३ मध्ये चोवीस तासांत १८ रुग्ण दगावले, तेव्हा जाब मात्र डॉक्टरांनाही द्यावा लागला.

महापालिकेने संध्याकाळची सशुल्क ओपीडी सुरू करून पाहावी. सकाळच्या गरीब रुग्णाची एक खाटही त्यासाठी अडवू नये. जमा होणाऱ्या पैशावर प्राध्यापक, परिचारिका आणि रुग्णांचे प्रतिनिधी यांचे मंडळ असावे, आणि त्याचा हिशेब दरवर्षी छापून ओपीडीच्या भिंतीवर लावावा.