मोजून दिलेला विश्वास

विश्वास असला की हिशेब नको, असे आपण मोठी माणसे धरून चालतो. ‘आपसात कसली आलीय लिखापढी?’ हे वाक्य सोयरिकीच्या बैठकीपासून भावाभावांच्या वाटणीपर्यंत सगळीकडे ऐकू येते. गोंदिया जिल्ह्यातल्या मुलांना शिकवताना मी मात्र वेगळेच ऐकले.

देवरी, सालेकसा या जंगलपट्टीतल्या मुलांना तेंदूपत्त्याचा हंगाम पाठ असतो. ऐन उन्हाळ्यात घरची माणसे पहाटेच जंगलात जातात, घरी येऊन ७०-७० पानांचे पुडे बांधतात, आणि मग मुन्शी ते मोजून घेतो. सातवीच्या वर्गात मी विचारले, ‘विश्वास कुणावर ठेवावा?’ आई, मित्र, देव अशी उत्तरे आली. एक मुलगी म्हणाली, ‘जो आपल्यासमोर मोजतो त्याच्यावर.’ तिच्या शेजारची म्हणाली, ‘मैत्रिणीकडून उसने पैसे घेतले तर वहीत लिहायचं. विसरलं तर मैत्रीण जाते.’ पैसे जातात, असे ती म्हणाली नाही!

कुरआनातली सर्वांत लांब आयत, सूरह बकरातली २८२वी, नेमकी देण्याघेण्याबद्दल आहे. मुदतीचे कर्ज लिहून ठेवा, साक्षीदार घ्या, रक्कम लहान म्हणून कंटाळा करू नका, असे ती सांगते. मजकूर सांगायचा तो कर्जदाराने; म्हणजे ज्याची बाजू पडती, शब्द त्याचा. आणि लगेच पुढच्या आयतीत भरवशाने सोपवलेली अमानत परत करण्याची ताकीद आहे. लिहिणे आणि भरवसा इथे शेजारी शेजारी नांदतात.

वर्गात एकाने हरकत घेतली, ‘मग आई किती वाढते तेही लिहायचं काय?’ सगळे हसले. पहिली मुलगी म्हणाली, ‘वाढते ते नको. तिला किती उरते ते मोज.’

हिशेब नको म्हणणारा बहुधा वरच्या हाताचा असतो. आपल्या समाजात बहिणीचा हिस्सा कुरआनाने ठरवून दिला आहे. तिने त्याचे नाव काढले की, ‘भावावर विश्वास नाही का?’ असे विचारतात. हक्कसोडपत्रावरची सही मात्र लेखीच हवी असते.

लहान मुलांशीही आपण असेच वागतो. एका मुलाने विचारले, ‘घरचे म्हणतात आमच्यावर भरवसा ठेव. मग दारात कुणी आलं की अब्बू घरी नाहीत असं मलाच का सांगायला लावतात?’ अबू दाऊदच्या हदीस-संग्रहात अब्दुल्लाह बिन आमिर यांची लहानपणची आठवण आहे. ‘ये, तुला काही देते,’ असे म्हणत आईने त्यांना बोलावले. पैगंबर (स.) तिथेच होते. काय देणार आहेस, असे त्यांनी विचारले. ती म्हणाली, खजूर. काहीच दिले नसतेस तर तुझ्या नावावर एक खोटे लिहिले गेले असते, असे त्यांनी तिला सांगितले. हाही हिशेबच, पण मुलाच्या बाजूने मांडलेला.