श्रमाची नोंद : जुन्या जपानी भूमिका-खेळांनी उभा केलेला एक प्रश्न

वाया गेलेला श्रम आणि नोंद न राहिलेला श्रम या दोन्ही गोष्टी एकच मानाव्यात काय, हा प्रश्न आपल्या नीतिविचारात स्वतंत्रपणे क्वचितच उपस्थित झाला आहे. कर्म आणि फल यांच्या संबंधाची चर्चा विपुल झाली. परंतु कर्माची नोंद कोठेतरी होतच असते, हे तिच्यामागचे गृहीतक सहसा तपासले गेले नाही. चित्रगुप्ताची वही हरवू शकेल, ही शक्यता त्या विचाराने हिशेबात धरलेली दिसत नाही. वहीच हरवली तर केलेल्या कर्माचे काय होते? प्रस्तुत लेखात हा प्रश्न काही वाचकांना क्षुल्लक वाटेल अशा सामग्रीच्या आधारे तपासावयाचा आहे. ही सामग्री म्हणजे साधारणतः १९८६ ते १९९७ या काळातील जपानी रोल-प्लेइंग व्हिडिओ गेम. येथे सोयीसाठी त्यांना भूमिका-खेळ म्हटले आहे.

प्रकाराची ओळख थोडक्यात करून घेऊ. युजी होरी यांनी रचलेला ‘ड्रॅगन क्वेस्ट’ हा खेळ एनिक्स या कंपनीने २७ मे १९८६ रोजी जपानमध्ये प्रसिद्ध केला. ‘विझर्ड्री’ आणि ‘अल्टिमा’ या १९८१ च्या दोन अमेरिकी संगणक-खेळांचा वारसा त्याच्यामागे होता. ते दोन्ही किचकट. होरी यांनी त्यांतील मर्म तेवढे उचलले आणि घरच्या टीव्हीला जोडायच्या फॅमिकॉम यंत्रावर, शाळकरी मुलाला पेलेल अशा रूपात आणले. रूपबंध असा : नायक नकाशावर चालतो, चार पावले गेला की शत्रू आडवा येतो, पडद्यावर आज्ञांची यादी उघडते, मारायचे, मंत्र टाकायचा की पळायचे हे खेळणारा ठरवतो, शत्रू पडला की अनुभवाचे गुण आणि थोडे सोने मिळते. गुण साठले की नायकाची पातळी एकाने वाढते. मग पुन्हा चार पावले. पुढील दहा वर्षांत चाळीस-पन्नास तासांपर्यंत लांबलेल्या या खेळांत ही एकच कृती शेकडो वेळा घडते. हातांच्या चपळाईला वाव जवळजवळ नाही. चिकाटीला मात्र मर्यादा नाही. मौन मोडले की पुन्हा झाडाकडे परतणारा वेताळपंचविशीतला राजा या प्रकाराच्या फार जवळचा आहे, फक्त येथे वेताळ गोष्ट सांगण्याचे कष्ट दर खेपेला घेत नाही.

कल्याण सोडले की कसाऱ्याच्या वाटेवर पहिले स्टेशन शहाड. १९९० च्या दशकात आमच्या या भागातील घरांत जी स्वस्त खेळयंत्रे आली ती फॅमिकॉमच्याच नकला होत्या. एकात ९९,९९,९९९ खेळ असे वर छापलेल्या त्यांच्या कॅसेटींत प्रत्यक्षात निराळे असे खेळ मोजकेच निघत, आणि तेही धावण्याचे, उड्या मारण्याचे, गोळ्या झाडण्याचे. भूमिका-खेळाला वाचायचा मजकूर लागतो आणि प्रगती साठवून ठेवण्याची सोय लागते. या दोन्ही गोष्टी त्या कॅसेटींत नव्हत्या. हे खेळ आमच्यापर्यंत आले ते नंतर, प्लेस्टेशनबरोबर, नक्कल केलेल्या सीडींवरून आणि इंग्रजीतून. जपानी कथा, अरुंद चौकटीत कोंबलेले तिचे इंग्रजी भाषांतर आणि ते अडखळत वाचणारा मराठी शाळेतला मुलगा, असा तो प्रवास होता.

२००१ च्या मे महिन्यात प्रस्तुत लेखकाच्या हाती ‘फायनल फँटसी ७’ च्या तीन सीडी आल्या. यंत्र उसने होते. प्रगती ज्यावर नोंदवायची ते मेमरी कार्ड मात्र मिळाले नाही. उपाय एकच होता, यंत्र बंद करायचे नाही. चार दिवस ते चालू राहिले. तापू नये म्हणून उलटे करून ठेवलेले, रात्री वर ओला नव्हे पण गार फडका घातलेला. चौथ्या दिवशी दुपारी वीज गेली. वडील शहाडच्या रेयॉन कारखान्यात पाळीवर होते. आई घरी होती. माझा चेहरा पाहून तिने विचारले, आणि सगळे ऐकून घेऊन म्हणाली, ‘‘खेळलास ना चार दिवस? मग गेलं काय त्यात?’’

या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही. आजही ते सरळ देता येत नाही, म्हणून हा लेख.

आईचे म्हणणे खेळाच्या सिद्धान्ताशी नेमके जुळणारे होते. योहान हाइझिंगा यांनी १९३८ मध्ये खेळाला भौतिक लाभापासून वेगळे काढले; रोजे कायवा यांनी १९५८ मध्ये आणखी पुढे जाऊन खेळ हा काळाचा, शक्तीचा, बुद्धीचा निखळ अपव्यय असतो, त्यातून काहीच निर्माण होत नाही, असे प्रतिपादन केले. या दृष्टीने पाहता चार दिवसांत मी काही निर्माण केलेच नव्हते. तेव्हा गमावण्याजोगेही काही नव्हते. परंतु भूमिका-खेळाचे वैशिष्ट्य असे की तो अपव्ययाला हिशेबाचे रूप देतो. प्रत्येक क्षुद्र चकमकीचा मोबदला आकड्यांत जमा होतो आणि जमा झालेली पातळी कधीच खाली येत नाही. आपल्याकडील मोक्षपटाशी याची तुलना उद्‌बोधक ठरेल. परंपरा ज्याचे श्रेय ज्ञानेश्वरांना देते त्या खेळात फासा पडेल तसे जावे लागते. सद्गुणांच्या शिड्या आहेत, तसे दुर्गुणांचे सापही आहेत, आणि शिखराजवळ पोचलेला सोंगटा तळाशी येऊ शकतो. भूमिका-खेळात शिड्याच आहेत. ‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये नायक मेला तरी राजा त्याला उठवतो, बोल लावतो, त्याचे निम्मे सोने जाते, अनुभवाचे गुण मात्र तसेच राहतात. मृत्यूनेही श्रम पुसला जात नाही!

या प्रकाराचे आकर्षण बहुतांशी येथे आहे असे मला वाटते. कथानक बहुधा सामान्यच असते. जग वाचवायचे असते आणि ते वाचते. नोबुओ उएमात्सु किंवा कोइची सुगियामा यांचे संगीत त्याला उंची देते, हे खरे. पण खेळणारा ज्यासाठी परत येतो ती गोष्ट दुसरीच : केलेल्या कष्टाचे फळ निश्चित प्रमाणात आणि निश्चित वेळी मिळते असे जग. हजेरीपटावर नाव असूनही फळाची शाश्वती नसलेल्या घरातील मुलाला असे जग किती मोहक वाटत असेल याची कल्पना वाचकाला करता येईल. ‘गीतारहस्या’ने १९१५ मध्ये कर्माला फलाशेपासून सोडवून घेतले, भूमिका-खेळाने फलाशा हाच सद्गुण ठरवला.

गुण जमवण्यासाठी त्याच त्या लढाया पुन्हा पुन्हा लढत राहणे याला खेळणारे इंग्रजीत ‘ग्राइंडिंग’ म्हणतात, म्हणजे दळणे. मराठी वाचकाला हा शब्द निराळ्या ठिकाणी नेतो. दळण पहाटे होते, दिवसात संपते, उद्या पुन्हा असते. पिठाची नोंद कोणी ठेवत नाही. नोंद राहिली ती ओवीची. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या एक लाखावर आहे. हात एकाच वर्तुळात फिरत असताना मन मोकळे होते आणि त्या मोकळिकीत ओवी होते, असे या रूपाचे सामान्यतः स्पष्टीकरण दिले जाते. भूमिका-खेळाच्या दळणातही मन असेच सुटते. तासभर त्याच माळावर त्याच राक्षसांना मारताना कथेतील माणसे आपोआप ओळखीची होतात, कोणाची ढाल जुनी झाली, कोणाला औषध द्यायचे, हे विचार न करता कळू लागते. येथवर साम्य टिकते. याहून ते ताणणे मात्र अप्रशस्त होईल. जात्यावर बसणाऱ्या बाईला उठण्याची मुभा नव्हती. सुट्टीत खेळणाऱ्या मुलाचे दळण ही चैन होती, आणि त्याच चार दिवसांत घरातले खरे काम कोण करत होते, हा प्रश्न त्याला पडला नव्हता.

आता वैतागाविषयी. जुन्या खेळांचे भक्त त्यांतील प्रत्येक अडचणीला तपश्चर्येचा दर्जा देतात. ते मान्य करण्याचे कारण नाही. ‘ड्रॅगन क्वेस्ट २’ (१९८७) मध्ये प्रगती साठवण्याची सोय नव्हती. यंत्र ५२ अक्षरांपर्यंतचा एक निरर्थक मंत्र दाखवी, तो कागदावर उतरवून दुसऱ्या दिवशी पुन्हा भरायचा. एक अक्षर चुकले की सारे गेले. बॅटरीवर चालणारी स्मृती पुढल्याच वर्षी तिसऱ्या भागात आली, यावरून हा दोष यंत्राचा होता हे उघड आहे. चौथ्या भागात (१९९०) क्लिफ्ट नावाचा पुरोहित शेवटच्या प्रकरणात आपल्या आज्ञेत राहत नाही आणि ज्याच्यावर मृत्युमंत्र चालतच नाही अशा बलाढ्य शत्रूवर तोच मंत्र टाकत बसतो. यात कोणताही गूढार्थ शोधू नये. ‘फायनल फँटसी ३’ (१९९०) ची अखेरची वाट अशी की तासन्‌तास चढत जायचे आणि मध्ये नोंदीची एकही जागा नाही. नोकरीवर जाणाऱ्या माणसाच्या वेळेची ही उधळपट्टी आहे, असेच मी म्हणेन.

परंतु एक वैताग निराळ्या जातीचा आहे. ३१ जानेवारी १९९७ ला जपानमध्ये आलेल्या ‘फायनल फँटसी ७’ मध्ये एअरिथ (तेव्हाच्या इंग्रजी आवृत्तीत एअरिस) ही तरुणी खेळणाऱ्याच्या चमूत असते. जखमा भरून काढण्याचे सामर्थ्य तिचे. साहजिकच खेळणारा तिच्यावर वेळ खर्च करतो. तिची सर्वोच्च विद्या मिळवायची तर वाकडी वाट करून एका गुहेतल्या झोपाळू माणसाकडे जावे लागते, आणि तो हवी ती वस्तू देईल की नाही हे आपण किती लढाया केल्या त्या आकड्यावर ठरते. पहिल्या सीडीच्या अखेरीस तिचा वध होतो. ती परत येत नाही. या प्रकारात मेलेल्याला उठवणे ही पाच-दहा नाण्यांची बाब असते. येथे ती वस्तू झोळीत असूनही निरुपयोगी ठरते. तिच्यासाठी केलेले दळण कोणत्याही खात्यावर वळते करून घेता येत नाही. कित्येकांनी याला फसवणूक म्हटले, तिला जिवंत करण्याची गुप्त युक्ती असल्याच्या अफवा वर्षानुवर्षे फिरत राहिल्या.

माझ्या मते खेळाने येथे स्वतःच्याच करारातील खोट उघड केली. श्रम कधी वाया जात नाही हे वचन माणसांच्या बाबतीत पाळता येत नाही, कारण ज्याच्यावर आपण श्रम करतो तो नाहीसा होऊ शकतो. ही गोष्ट कादंबरीही सांगते. पण कादंबरी वाचकाकडून आधी तीस तासांचे कष्ट वसूल करत नाही. येथे शोकाला वजन येते ते आकड्यांच्या वजनामुळे. म्हणजे ज्या कंटाळ्याची आपण तक्रार करतो तोच येथे आशयाचा भाग झालेला असतो, आणि तो काढून टाकला तर मृत्यू उरतो, हानी उरत नाही. या मालिकेतील पहिल्या सहा खेळांच्या २०२३ च्या आवृत्त्यांत अचानक येणारे शत्रू बंद करण्याची आणि अनुभवाचे गुण चौपट करण्याची सोय दिली आहे. अनावश्यक अडथळे आपखुशीने ओलांडण्याचा प्रयत्न, अशी खेळाची व्याख्या बर्नार्ड सूट्स यांनी १९७८ मध्ये केली. या बटणामागे खेळणाऱ्याची आपखुशी वाढली आणि अडथळे मात्र नाहीसे झाले. तरीही ही सोय वापरणाऱ्याला दोष देण्याइतका मी शुद्धिवादी नाही. ज्याचे दिवसाचे चार तास लोकलमध्ये जातात त्याला कंटाळ्याची दीक्षा वेगळी देण्याची गरज नसते.

मीही पुढे त्याच लोकलमधून तोच खेळ मोबाइलवर खेळलो. आता कोठेही, कोणत्याही क्षणी नोंद करता येत होती. आंबिवलीहून येणाऱ्या गर्दीच्या गाडीत चढता चढता नोंद, ठाण्याला जागा मिळाली की नोंद, लढाई हरण्याची चिन्हे दिसली की मागची नोंद. काहीही हरवणे अशक्य होते. आणि एअरिथचे काय होणार हे ठाऊक होते. खेळाने भाग पाडले तेवढ्यापुरती ती बरोबर आली. जेथे निवड माझ्या हाती होती तेथे मी दुसऱ्याला घेतले. तिच्यासाठी नवी काठी विकत घेतली नाही, त्या गुहेकडे वळलो नाही. पहिल्या खेपेस, २००१ मध्ये, मी त्या झोपाळू माणसाकडे अकरा वेळा गेलो होतो, वीज जाण्याच्या आदल्या रात्री.

तो प्रसंग पडद्यावर आला तेव्हा गाडी कल्याणला उभी होती. मी सवयीने आधी नोंद केली आणि मग पाहू लागलो. शहाड येईपर्यंत ते सगळे आटोपले होते.