स्मरणाचे सुख आणि स्मरणाचे ऋण

गतकाळाकडे पाहण्याच्या मनुष्याच्या दोन रीती आहेत. एक इतिहासकाराची. तीत पुरावा मागितला जातो, साक्षी तपासल्या जातात आणि जमेबरोबर खर्चाचीही बाजू मांडली जाते. दुसरी घरातील वडीलधाऱ्या मंडळींची. तीत पुरावा कोणी मागत नाही. सांगणारा डोळ्यांनी पाहिलेले सांगत असतो आणि ऐकणाऱ्यास त्या सांगण्याचा गोडवाच हवा असतो. पहिल्या रीतीत काही दडवले गेले तर त्यास आपण असत्य म्हणतो. दुसऱ्या रीतीत काही गळले, तर त्यास काय म्हणावे? ते निव्वळ विस्मरण होय, की त्यातही काही नैतिक दोष संभवतो?

हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला तो कोणा तत्त्ववेत्त्याच्या ग्रंथातून नव्हे, तर जुन्या मोटारींच्या शौकिनांच्या एका बैठकीत. काही वर्षांपूर्वी न्यूयॉर्क शहराच्या पूर्वेस पसरलेल्या लाँग आयलंड या बेटावर आप्तांकडे महिनाभर राहण्याचा योग आम्हांस आला. तेथील एका वाचनालयाच्या दालनात गावातील दहापंधरा मंडळी जुन्या मोटारी आणि जुने रस्ते यांच्या आठवणी सांगण्यासाठी जमत असत. आमचे यजमान आम्हांस सहज म्हणून तेथे घेऊन गेले. यंत्रांची आम्हांस फारशी गोडी नाही; तथापि त्या मंडळींच्या मुखावरील आनंद पाहून आम्ही पुढच्या बैठकीसही आपण होऊन गेलो.

त्यांच्या बोलण्याचा मुख्य विषय लाँग आयलंड मोटार पार्कवे हा होता. पार्कवे म्हणजे बागेतून जावा तसा, दुतर्फा हिरवळ असलेला आणि केवळ मोटारींसाठी राखून ठेवलेला रस्ता. अब्जाधीश व्हँडरबिल्ट घराण्यातील विल्यम व्हँडरबिल्ट या तरुणाने १९०४ साली या बेटावर मोटारींच्या शर्यती सुरू केल्या. त्या चालत साध्या सार्वजनिक रस्त्यांवरून. शर्यतीच्या दिवशी लोकांनी रस्त्यावर येऊ नये, कुत्री बांधून ठेवावीत आणि कोंबड्या कोंडून ठेवाव्यात, अशा सूचना लावल्या गेल्या होत्या. १९०६ च्या शर्यतीत मोटारीखाली सापडून एक प्रेक्षक मरण पावला आणि पुढील वर्षी शर्यत झालीच नाही. तेव्हा व्हँडरबिल्ट व त्याचे सहकारी यांनी स्वतःचाच रस्ता बांधण्याचे ठरविले. त्याचा पहिला भाग १९०८ साली खुला झाला. पुढे वाढत वाढत तो क्वीन्सपासून रॉन्कॉन्कोमा सरोवरापर्यंत सुमारे ४५ मैल लांबीचा झाला. काँक्रीटची फरसबंदी, वळणावर बाहेरची बाजू उंच ठेवण्याची युक्ती आणि आडवे रस्ते पुलांवरून किंवा पुलांखालून नेण्याची योजना या गोष्टी आज कोणत्याही महामार्गावर दिसतात. त्या काळी त्या अपूर्व होत्या. त्यावरून एकदा जाण्याचा पथकर आरंभी दोन डॉलर होता, आणि कामगाराच्या दिवसभराच्या मजुरीच्या मानाने ही रक्कम लहान नव्हती.

पुढे सरकारी पैशाने बांधलेले रुंद पार्कवे झाले आणि हा अरुंद खासगी रस्ता ओस पडू लागला. १९३८ साली थकलेल्या करांच्या भरपाईत तो सरकारजमा झाला. क्वीन्समधील त्याचा एक तुकडा त्याच वर्षी सायकलींसाठी खुला करण्यात आला आणि तो अद्याप वापरात आहे. इतरत्र त्याचे अवशेष झाडीत, घरांच्या परसांत लपलेले आढळतात. कोणाच्या कुंपणामागे एखादा काँक्रीटचा खांब सापडला की या मंडळींस जणू ताम्रपट सापडल्याचा आनंद होतो!

त्या आनंदाची थट्टा करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. एका गृहस्थांनी हँडल मारून इंजिन सुरू करण्याची रीत साभिनय दाखविली. अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावा, हँडलाभोवती वळवू नये, नाहीतर इंजिनाने उलट झटका दिला की मनगट मोडलेच म्हणून समजावे, ही शिकवण त्यांस त्यांच्या आजोबांकडून मिळाली होती. दुसऱ्यांनी ‘ओल्ड सिक्स्टीन’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या लोकोमोबील मोटारीची कथा सांगितली. १९०८ साली जॉर्ज रॉबर्टसन याने ती हाकून व्हँडरबिल्ट चषक जिंकला, आणि अमेरिकेत बनलेल्या मोटारीस तो चषक मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. बालपणी या शर्यतींचे वेड लागलेल्या पीटर हेल्क या चित्रकाराने १९४१ साली ती विकत घेतली आणि नवा रंग न देता, जुने डाग न पुसता आयुष्यभर सांभाळली. आता ती डिअरबॉर्न येथील हेन्री फोर्ड संग्रहालयात आहे. निर्जीव वस्तूवर इतकी माया करणारी माणसे हृदयाने कोरडी असतील असे कोण म्हणेल?

दुसऱ्या बैठकीच्या अखेरीस मागच्या बाकावरील एक वृद्ध गृहस्थ प्रथमच बोलले. त्यांच्या पणजोबांचे बटाट्याचे शेत होते आणि मोटार पार्कवे त्या शेताच्या मधून गेला होता. कंपनीने शेतकऱ्यास पलीकडे जाण्यासाठी एक लहानसा पूल बांधून दिला. “आमच्या घरच्यांनी तो रस्ता तीस वर्षे पाहिला,” ते म्हणाले, “पण वरून, गाडीत बटाटे भरून पूल ओलांडताना. त्या रस्त्यावर आमच्यापैकी कोणी पाऊल ठेवले नाही.” त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. मंडळी प्रेमळपणे हसली, आम्हीही हसलो, आणि बोलणे पुन्हा कार्ब्युरेटरकडे वळले.

आमचे मन मात्र त्या पुलावर अडकले. एकच रस्ता, त्याची एक आठवण खालून धावणाऱ्याची आणि दुसरी वरून पाहणाऱ्याची. तास-दीड तास आम्ही सर्वांनी ऐकली ती पहिली. दुसरीस एक मिनिट मिळाले, आणि तेही हास्यात विरले.

घरी येऊन आम्ही त्या शर्यतींविषयी थोडे वाचन केले. त्या काळी शर्यतीच्या मोटारीत हाकणाऱ्याच्या शेजारी एक मेकॅनिक बसत असे. इंधनाचा व तेलाचा दाब हाताने पंप मारून राखणे, चाकांवर नजर ठेवणे, मागून कोण येतो ते पाहून हाकणाऱ्यास खुणावणे ही त्याची कामे. त्याच्या हाती सुकाणू नसे, परंतु मृत्यू दोघांस सारखाच जवळ असे. १९०४ च्या पहिल्याच शर्यतीत कार्ल मेन्सेल हा मेकॅनिक ठार झाला. १९१० च्या शर्यतीत चार्ल्स मिलर आणि मॅथ्यू बेकन हे दोन मेकॅनिक प्राणास मुकले आणि त्यानंतर हा चषक लाँग आयलंडवरून हलला. यांपैकी मिलर ज्याच्या शेजारी बसला होता त्याचे नाव लुई शेव्हरोले. शेव्हरोले वाचला; पुढील वर्षी त्याच्या नावाने कंपनी निघाली आणि ते नाव कोट्यवधी मोटारींवर झळकले. एकाच मोटारीत हाताच्या अंतरावर बसलेल्या दोघांपैकी एकाचे नाव जगभर झाले आणि दुसऱ्याचे नाव त्या दोन बैठकींत एकदाही निघाले नाही.

पुढच्या काळातील सरकारी पार्कवेंची कथाही याहून फार निराळी नाही. ते बांधविणारे रॉबर्ट मोझेस यांनी नगरवासीयांस समुद्रकिनारा आणि उद्याने खुली करून दिली, हे त्यांचे श्रेय कोणी नाकारू नये. परंतु त्या रस्त्यांवर बसगाड्यांना मज्जाव होता. अर्थात तो किनारा मोटारवाल्यास जितका जवळ, तितका मोटार नसलेल्यास नव्हता. त्यांवरील पूल बस जाऊ नये म्हणूनच बुद्ध्या ठेंगणे बांधले, असा आरोप रॉबर्ट कॅरो यांनी १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या चरित्रग्रंथात केला. बसला मूळचीच बंदी असताना पूल ठेंगणे करण्याचे प्रयोजन काय, असा प्रतिप्रश्न नंतरच्या काही अभ्यासकांनी केला आहे. हेतूविषयीचा तो वाद बाजूस ठेवला, तरी बसने जाणारा मनुष्य त्या रस्त्याच्या रम्य आठवणींत का नाही, याचे उत्तर बंदीच्या नियमातच मिळते.

येथे वाचक म्हणेल, “तुमची ही दृष्टी आनंदाचा नाश करणारी आहे. कोणती सुंदर वस्तू कोणाच्या तरी घामावाचून उभी राहिली? किल्ला पाहावयास गेलो तर बिगाऱ्यांची गणती करावी आणि मंदिर पाहावयास गेलो तर पाथरवटांची? मग पाहावे तरी काय?” आक्षेप खरा आहे. प्रत्येक सुखास न्यायासनापुढे उभे करणारा मनुष्य शेवटी स्वतः सुखी होत नाही आणि ज्यांच्यासाठी तो हे करतो त्या मृतांचेही त्यात हित होत नाही. वाचनालयातील त्या मंडळींनी मोटारींवर प्रेम करणे सोडावे, असे आम्ही म्हणणार नाही.

परंतु सुखाचा त्याग आणि ऋणाचा स्वीकार या दोन भिन्न गोष्टी आहेत. श्राद्धाच्या वेळी आपण पितरांची नावे घेतो ती दुःख करण्यासाठी नव्हे. ज्यांच्यामुळे आपण आहोत त्यांचा उच्चार व्हावा म्हणून. तीळपाणी देताना ज्यांचे कोणी उरले नाही अशांसही एक ओंजळ देण्याची आपली रीत आहे. त्या ओंजळीने जेवणाची गोडी कमी होत नाही. स्मरणाचे सुख भोगणाऱ्यानेही अशी एक ओंजळ बाजूस काढावी, इतकीच अपेक्षा आहे.

हे दुसऱ्यांस सांगण्याचा अधिकार आम्हांस कितपत आहे, हे स्वदेशी परतल्यावर कळून चुकले. आमचे आजोबा सातारा येथे वकील होते आणि त्यांच्याजवळ एक मॉरिस मोटार होती. ती आम्ही पाहिली नाही, परंतु तिच्या कथांवर आमचे बालपण पोसले. खंबाटकी घाटात तिने कसे पाणी मागितले, कोणत्या वळणावर ती हटकून रुसे, तिचा नंबर काय, हे सर्व आजही आम्हांस मुखोद्गत आहे. घरी तिचे एक छायाचित्र आहे. आजोबा दाराशी उभे आहेत आणि मडगार्डाजवळ खाकी कोट घातलेला, टोपी हातात धरलेला एक मनुष्य उभा आहे. छायाचित्राच्या पाठीवर आजोबांच्या हस्ताक्षरात मोटारीचे नाव व खरेदीची तारीख आहे. त्या मनुष्याविषयी एक अक्षर नाही.

आम्ही थोरल्या आत्याबाईंस विचारले. त्यांचे वय नव्वदीच्या घरात. छायाचित्र डोळ्यांजवळ धरून त्या म्हणाल्या, “अरे, हा तर ड्रायव्हर. आम्ही पोरे त्याला दादाच म्हणायचो. आईच्या बाळंतपणात भर पावसात रात्री यानेच पुण्याहून डॉक्टर आणला होता.” “आणि त्यांचे नाव?” आत्याबाई बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “कुणी विचारलेच नाही रे कधी.”

त्या बाळंतपणात जन्मलेले मूल म्हणजे आमचे वडील.

मोटारीचा नंबर पाठ असलेल्या आम्हांस त्या मनुष्याचे नाव ठाऊक नाही आणि आता ते कळण्याचा मार्गही उरलेला नाही. हा अपराध म्हणावा तर तो कोणी बुद्ध्या केला नाही. आजोबा दयाळू गृहस्थ होते, आत्याबाईंची माया खरी होती. परंतु आरंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस येथेच मिळाले. विस्मरण नेहमीच आंधळे नसते. काय विसरावे हे ते पुष्कळदा आपल्या सोयीने ठरविते. ज्याची किंमत आपण मोजली ते ध्यानात राहते आणि जे आपणांस फुकट मिळाले ते गळून जाते. दोष विसरण्यात थोडा. ज्या वेळी विचारता आले असते, त्या वेळी न विचारण्यात अधिक आहे.

यास्तव जुन्या आठवणी सांगणाऱ्या मंडळींस आमची एकच विनंती आहे. मोटारीचे वर्णन मनसोक्त करावे, रस्त्याची वळणे मोजावीत, सापडलेल्या खांबाचा आनंद करावा. मात्र बैठक संपण्यापूर्वी मागच्या बाकावर कोणी अबोल बसले असेल, तर त्यास पुढे बोलवावे आणि त्याचे बोलणे पुरे होईपर्यंत ऐकावे. आम्ही त्या छायाचित्राच्या पाठीवर, आजोबांच्या अक्षराखाली, एक ओळ लिहिली आहे: “शेजारी उभे असलेले दादा, यांनी रात्री पुण्याहून डॉक्टर आणला.” नावाची जागा कोरी सोडली आहे.