स्टँडमधलं कुणीतरी

जोहान्सबर्गची ती क्लिप तुमच्याही फीडवर येऊन गेली असेल. १५ नोव्हेंबर २०२४, वाँडरर्स मैदान, भारत विरुद्ध दक्षिण आफ्रिका. संजू सॅमसन षटकार मारतो, चेंडू स्टँडमध्ये जातो आणि एका बाईच्या चेहऱ्यावर लागतो. थोड्या वेळाने कॅमेरा तिच्यावर जातो तेव्हा ती गालाला बर्फ धरून रडते आहे. संजू मैदानातूनच हात वर करून माफी मागतो. मग खेळ पुढे सुरू. त्या डावात भारताने २३ षटकार मारले. संजू नाबाद १०९, तिलक वर्मा नाबाद १२०. क्लिप पाहून मी 'अरेरे' म्हणालो आणि उरलेले षटकार बघायला अंगठा वर सरकवला.

तो वर गेलेला हात मात्र डोक्यातून जाईना. संजूने नेमकी कशाची माफी मागितली? त्याची चूक काहीच नव्हती. ज्यासाठी त्याला संघात घेतलं होतं तेच त्याने केलं होतं, आणि तेच बघायला ती बाई तिकीट काढून आली होती.

बर्नार्ड विल्यम्स या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९७६ मध्ये एका निबंधात लॉरी ड्रायव्हरचं उदाहरण दिलं होतं. ड्रायव्हरची काही चूक नाही, पण लॉरीखाली एक मूल येतं. आपण त्याची समजूत काढतो, 'तुझा दोष नाही.' ते खरंही असतं. पण तो जर लगेच 'हो, नाहीच मुळी' म्हणून चहा मागवायला लागला, तर आपल्यालाच कसंतरी होईल. दोष नसताना 'हे माझ्या हातून झालं' ही जी टोचणी लागते, ती विल्यम्सला मूर्खपणाची वाटत नाही. माणूस असण्याचाच तो भाग आहे. संजूचा हात त्या टोचणीचा होता, असं मी समजतो.

हे मी इतक्या खात्रीने म्हणतो, कारण पंधराव्या वर्षी माझ्या हातूनही असंच झालं होतं. आमच्या तालुक्याच्या मैदानावर सीझन बॉलची मॅच होती. मिडविकेटच्या बाजूला कुंपण वगैरे काही नाही, सरळ रस्ता, आणि रस्त्याकडेला एका काकांची शेंगदाण्याची गाडी. एक आखूड चेंडू मिळाला, मी ओढला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच बॅटमधून हाताला काहीच न जाणवण्याचं ते सुख मिळालं. पोरं ओरडली. मी बॅट वर केली. मग दिसलं की काका खांदा धरून खाली बसलेत आणि दाणे रस्त्यावर सांडलेत. मी धावत गेलो. ते म्हणाले, "लागलं नाय रे पोरा. खेळ तू." मी परत येऊन खेळलोसुद्धा. किती धावा केल्या ते आजही आठवतं. त्यांच्या खांद्याचं पुढे काय झालं ते विचारल्याचं आठवत नाही.

ज्याला लागतं तोच बहुतेक वेळा आपली सुटका करतो. २०१२ च्या आयपीएलमध्ये बंगळुरूला ख्रिस गेलने पुणे वॉरियर्सच्या राहुल शर्माला एकाच षटकात सलग पाच षटकार मारले. त्या सामन्यात त्याच्या एका षटकाराने एका शाळकरी मुलीच्या नाकाला इजा झाली. गेल तिला भेटायला हॉस्पिटलमध्ये गेला, तेव्हा माझी काळजी करू नका, षटकार मारत राहा, अशा अर्थाचं ती म्हणाली, असं तेव्हा छापून आलं होतं. किती गोड मुलगी, असं सगळ्यांना वाटलं. मला वाटतं, असं बोलण्याची वेळ तिच्यावर यायला नको होती.

'पण स्टेडियममध्ये जाणाऱ्याला हे माहीत नसतं का?' असतं. तिकिटाच्या अटींतही लिहिलेलं असतं: आत यायचं ते स्वतःच्या जबाबदारीवर. पूर्वी हे तिकिटाच्या मागे बारीक अक्षरांत असायचं, आता ॲपमधल्या 'मला अटी मान्य आहेत' या चौकोनाच्या आड असतं. जो राजीखुशीने धोका पत्करतो त्याला तक्रारीला जागा नाही, हे कायद्यातलं जुनं तत्त्व आहे. मात्र १२ जुलै २०२२ ला ओव्हलवर रोहित शर्माचा पुल जिला लागला, ती सहा वर्षांची होती. खेळ थांबला, इंग्लंडचे वैद्यकीय कर्मचारी स्टँडकडे धावले, सामन्यानंतर रोहितने तिला चॉकलेट आणि टेडी दिला. सगळे चांगलेच वागले. पण चौकोनावर टिक तिने केली नव्हती.

'लक्ष ठेवायला काय होतं?' हाही सल्ला असतो. तो देणाऱ्याने एकदा चाळीस हजारांच्या गर्दीत, समोरचा माणूस उभा राहिलेला असताना, फ्लडलाइटमधून खाली येणारा १६० ग्रॅमचा चेंडू शोधून दाखवावा. जानेवारी २०२४ मध्ये माटुंग्याच्या एका मैदानावर शेजारी-शेजारी दोन सामने चालू होते. एका सामन्यातला चेंडू दुसऱ्या सामन्यात फिल्डिंग करणाऱ्या खेळाडूच्या कानामागे लागला आणि तो गेला. त्याचं लक्ष होतंच, पण स्वतःच्या सामन्याकडे.

इंग्लंडमध्ये हा प्रश्न थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला होता. १९४७ मध्ये मँचेस्टरच्या चीटम भागात घराबाहेर रस्त्यावर उभ्या असलेल्या एका बाईला जवळच्या मैदानातून आलेला चेंडू लागला. १९५१ चा 'बोल्टन विरुद्ध स्टोन' हा खटला कायद्याचे विद्यार्थी आजही वाचतात. तीसेक वर्षांत सहा-एक वेळाच चेंडू त्या रस्त्यावर गेला होता. इतक्या क्वचित घडणाऱ्या गोष्टीसाठी क्लबला दोषी धरता येणार नाही, असा निकाल लागला. पण त्याच निकालात लॉर्ड रीड यांनी आणखी एक मुद्दा मांडला, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो: मोठा धोका निर्माण केल्याशिवाय जिथे क्रिकेट खेळताच येत नसेल, तिथे ते खेळूच नये.

आता आपल्याकडचा हिशोब मांडू. २००८ च्या पहिल्या आयपीएलमध्ये सहाशेहून थोडे अधिक षटकार होते. २०२४ मध्ये साडेबाराशेच्या वर. सामने थोडे वाढले, षटकार मात्र दुप्पट झाले. यात एक गंमत आहे. सीमारेषेचा दोर जाहिरातींच्या फळ्यांपासून आत असतो, तो फिल्डरने घसरत जाऊन फळ्यांवर आपटू नये म्हणून. म्हणजे खेळाडूला वाचवण्यासाठी सीमारेषा आत आली, आणि तिच्यावरून चेंडू उडवणं तेवढंच सोपं झालं. बॅट्समनला हेल्मेट आहे, शॉर्ट लेगला आहे, काही अंपायरही आता घालतात. उघड्या डोक्याने बसलेला उरतो तो पैसे देऊन आलेला माणूस.

तुम्हाला किंवा मला चेंडू लागण्याची शक्यता अगदीच कमी, म्हणून आपण बिनधास्त जातो, आणि जावंच. पण हंगामभराच्या साडेबाराशे षटकारांत कुणालाच लागणार नाही, असं कोण लिहून देईल? कुणाला तरी लागणार हे जवळजवळ ठरलेलं आहे, फक्त नाव ठरलेलं नाही. आणि नाव नसलेल्या माणसाची आपल्याला काळजी वाटत नाही. टेडी मिळतो तो चेहरा दिसल्यावर. जाळी मात्र चेहरा दिसण्याआधीच बांधावी लागते.

अमेरिकेत बेसबॉलवाल्यांनी ती बांधली. २०१७ मध्ये यँकी स्टेडियममध्ये एका लहान मुलीला जबर मार बसल्यावर चर्चा पेटली, आणि २०२० च्या हंगामासाठी सगळ्या तीस संघांनी आपापल्या मैदानांवरच्या जाळ्या वाढवायचं ठरवलं. क्रिकेटमध्ये हे तितकं सोपं नाही. चेंडू चारी बाजूंना जातो, सगळीकडे जाळी लावली तर मैदानाचा पिंजरा होईल, आणि खरं सांगायचं तर मलाही ती नको आहे. वानखेडेवर चेंडू आपल्या दिशेने येताना ब्लॉकमधले सगळे एकदम उठतात, अनोळखी माणसं एकमेकांच्या अंगावर पडतात, तो क्षण मला हवा आहे. मग त्या क्षणाची किंमत दरवेळी एकट्या ज्याला लागलं त्याने का मोजायची? खालच्या रांगांत लहान मुलांना बसवू नये. लागलेल्या माणसाचा शेवटपर्यंतचा दवाखान्याचा खर्च ज्याने तिकीट विकलं त्याने न मागता द्यावा. एका षटकाराला मिळणाऱ्या जाहिरातीच्या पैशांपुढे हा खर्च काहीच नाही. या गोष्टींना जाळी लागत नाही, नुसती लाज पुरते.

आमच्या मैदानावर पुढच्या रविवारी पुन्हा मॅच होती. मी मुद्दाम मिडविकेटकडे बघत नव्हतो, तरी दिसलंच. गाडी होती तिथेच होती. काकांनी फक्त ती फिरवून घेतली होती. आता ते गिऱ्हाइकाकडे पाठ करून, मैदानाकडे तोंड करून उभे होते, आणि कुणी दाणे मागितले की मान न वळवताच पुडी बांधत होते.