दारावरचं नाव

२४ जून १९९१ला दक्षिण फ्रान्समध्ये, कानजवळच्या मूजँ गावात, एका बंगल्याच्या तळघरात गिस्लेन मार्शाल या ६५ वर्षांच्या श्रीमंत विधवेचं प्रेत सापडलं. (कान म्हणजे तेच, चित्रपट महोत्सववालं.) तळघराच्या दाराला आतून घडीची खाट लावलेली होती. आत एका दारावर रक्तानं लिहिलं होतं, ‘ओमर मा त्यूए’. ओमरनं मला मारलं. ओमर रद्दाद हा तिचा माळी. मोरोक्कोहून आलेला, २८ वर्षांचा, मोडकंतोडकं फ्रेंच बोलणारा. लिहिता-वाचता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याला अटक झाली.

त्या वाक्यात शुद्धलेखनाची एक चूक होती. शेवटच्या शब्दाची दोन रूपं फ्रेंचमध्ये सारखीच ऐकू येतात, पण वेगळी लिहितात. आपल्या ‘आणि’ आणि ‘आणी’सारखं. सुशिक्षित घरातली बाई एवढी साधी चूक करेल का, यावर अख्खा देश वाद घालत बसला. ते चुकीचं वाक्य इतकं गाजलं की पुढे मथळ्यांत आणि जाहिरातींत त्याच्या नकला व्हायला लागल्या. २०११ साली रोश्दी झेमनं याच नावाचा चित्रपट काढला. मला हे प्रकरण कळलं ते त्या चित्रपटामुळे.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. सिस्टिममध्ये काही बिघडलं की आधी लॉग बघायचा, ही आमची सवय. पण नोकरीच्या पहिल्याच वर्षी एक गोष्ट शिकवली जाते. लॉगमध्ये एखाद्याचं नाव असलं म्हणजे ते काम त्यानंच केलं असं नाही. आधी विचारायचं, या लॉगमध्ये लिहिण्याची परवानगी कुणाकुणाला होती? दारावरच्या वाक्याबद्दल माझा पहिला प्रश्न हाच होता.

पण घाई नको. रद्दाद निर्दोष आहे हे सिद्ध करायला मी बसलेलो नाही. त्याच्याविरुद्ध बरंच काही होतं. तो जुगार खेळायचा, पैशांची चणचण असायची, मालकिणीकडून पगाराची उचल घ्यायचा. मार्शालबाईंच्या पर्सेत पैसे सापडले नाहीत. खुनाच्या दिवशी, रविवारी २३ जूनला, तो शेजारच्या दुसऱ्या मालकिणीकडे कामाला होता आणि दुपारी जेवायला मोपेडवरून बाहेर पडला होता. घरी जाऊन जेवलो, असं तो म्हणाला, पण त्याला साक्षीदार नव्हता. तो तिथे नव्हताच, हे कुणीच खात्रीनं सांगू शकत नाही.

दुसऱ्या बाजूला, त्याच्या कपड्यांवर रक्त नव्हतं आणि त्या खोलीत त्याच्या बोटांचे ठसे मिळाले नाहीत. दुपारी पाऊणच्या सुमाराला त्यानं बायकोला केलेल्या फोनची नोंद मिळाली. वैद्यकीय अहवालात मृत्यूची तारीख आधी २४ जून पडली होती, आणि २४ तारखेला तो कुठे होता हे सांगणारी माणसं होती. नंतर कळवण्यात आलं की ती टायपिंगची चूक, तारीख २३च. पुन्हा तपासायला प्रेतही उरलं नाही, कारण त्याचं दहन झालं होतं.

२ फेब्रुवारी १९९४ला नीसच्या कोर्टात त्याला १८ वर्षांची शिक्षा झाली. तेव्हाच्या फ्रेंच पद्धतीत खुनाच्या खटल्यात ९ ज्यूरर आणि ३ न्यायाधीश एकत्र बसून मत देत. १२ पैकी ८ मतं पडली की दोषी. कारणं लिहून द्यायची गरज नव्हती. कायदा त्यांना एवढंच विचारायचा, तुमची आतून खात्री पटली आहे का?

आणि या निकालावर अपील नव्हतं. कायद्याची प्रक्रिया नीट पाळली गेली का, एवढंच वरचं कोर्ट तपासायचं. खून यानं केला की नाही, हा प्रश्न पुन्हा उघडत नसे. किरकोळ चोरीच्या शिक्षेवर अपील होतं, खुनाच्या शिक्षेवर नव्हतं! यामागे एक तत्त्वज्ञान आहे. ज्यूरी म्हणजे जनता, जनता सार्वभौम, आणि सार्वभौम चुकत नाही. त्यांच्या राज्यक्रांतीपासून चालत आलेली ही समजूत. जनतेनं दिलेला निकाल जनतेपेक्षा मोठ्या कुणाकडे न्यायचा? ऐकायला छान वाटतं. पण सार्वभौम असणं आणि बरोबर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कुठल्याही निवडणुकीनंतर आपल्याला कळतंच. फ्रान्सनंही ते शेवटी मान्य केलं. १ जानेवारी २००१पासून अशा निकालांवर अपील सुरू झालं, आणि २०१२पासून निकालाची कारणं देणं बंधनकारक झालं. रद्दादला यातलं काहीच मिळालं नाही. १९९५ साली त्याचा अर्ज फेटाळला गेला होता.

मग एक विचित्र गोष्ट झाली. मोरोक्कोचे राजे हसन दुसरे यांनी शब्द टाकला आणि १९९६मध्ये राष्ट्राध्यक्ष जाक शिराक यांनी त्याची शिक्षा ४ वर्षं ८ महिन्यांनी कमी केली. सप्टेंबर १९९८मध्ये तो सुटला. इथे बहुतेकांना वाटेल, चला, संपलं. पण तो थांबला नाही. माफी नको, मी केलं नाही असं लिहून द्या, हे त्याचं म्हणणं. माफी म्हणजे ‘तू केलंस, पण जा’. तिनं माणूस तुरुंगातून बाहेर येतो, त्या वाक्यातून येत नाही.

फेरविचाराच्या अर्जाच्या वेळी दारावरच्या रक्तात अनोळखी पुरुषांचे डीएनए सापडले. रद्दादचा नव्हता. २००२मध्ये कोर्ट म्हणालं, हे डीएनए तिथे कधी आले, खुनाच्या आधी, खुनाच्या वेळी की नंतर, हे सांगता येत नाही. अर्ज नामंजूर. पुढे २०१४मध्ये फेरविचाराचा कायदा बदलला. विधेयकात आधी ‘अगदी थोडीशीही शंका’ असे शब्द होते, अंतिम कायद्यात नुसतं ‘शंका’ राहिलं. त्यानं २०२१मध्ये पुन्हा अर्ज केला. १३ ऑक्टोबर २०२२ला तोही फेटाळला गेला.

माझा प्रश्न इथे आहे. निकालाच्या आदल्या दिवसापर्यंत शंकेचा फायदा आरोपीला मिळतो. निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून तीच शंका उलटी फिरते. आता तिचा फायदा निकालाला. तेच दार, तेच रक्त, तोच माणूस. बदललं काय? तर मधे कुणीतरी ‘झालं’ असं म्हटलं.

‘झालं’ म्हणणंही गरजेचं असतं, हे मला मान्य आहे. मेलेल्या बाईचेही नातेवाईक असतात. त्यांनी आयुष्यभर दर काही वर्षांनी ते दार पुन्हा टीव्हीवर बघायचं का? भांडण कुठेतरी थांबावं म्हणूनच तर कोर्टं असतात. प्रत्येक निकाल कायमचा उघडा ठेवला तर निकाल या शब्दाला अर्थ उरणार नाही. आमच्याकडेही कुणी प्रत्येक बंद तिकीट पुन्हा उघडायला लागला तर नवं काम होणारच नाही.

पण मग किंमत कुणी द्यायची ते स्पष्ट बोलू या. तारीख चुकली ती यंत्रणेची. डीएनए कधीचा हे कळत नाही, यात रद्दादचा दोष नाही. पुरावा आपल्या हातून निसटला, त्यामुळे आता खात्री करता येत नाही, आणि खात्री नाही म्हणून जुना निकाल कायम, हा हिशोब मला पटत नाही. आपल्या चुकीतून तयार झालेली शंका समोरच्याच्या खात्यावर कशी टाकायची? जी शंका पहिल्या दिवशी पुरेशी ठरली असती, ती तीस वर्षांनीही पुरेशी असायला हवी. निकालाचा शेवट आपल्या सोयीसाठी असतो. त्यात वाईट काही नाही. फक्त त्या सोयीला सत्य म्हणू नये.

आणि हेही खरं, की नोकराच्या बाबतीत हे ‘झालं’ फार लवकर येतं. २००८च्या आरुषी प्रकरणात पहिला संशय घरातल्या गायब नोकरावर, हेमराजवर गेला होता. दुसऱ्या दिवशी त्याच घराच्या गच्चीवर त्याचंही प्रेत सापडलं. एक अख्खा दिवस तो मेलेला माणूस आरोपी होता. ज्याच्याकडे घराची किल्ली असते पण घरावर हक्क नसतो, त्याचं नाव आपल्याला सगळ्यात आधी सुचतं.

‘आपल्याला’ म्हणतो, कारण मीही त्यात आलो. गेल्या वर्षी आमच्या सोसायटीत एकीची अंगठी हरवली. व्हॉट्सॲप ग्रुपवर तिनं लिहिलं, ‘काल फक्त मावशीच येऊन गेल्या.’ नाव घेतलं नव्हतं, पण मावशी कोण ते सगळ्यांना कळलं. त्या माझ्याकडेही पोळ्या करतात. त्यावर सेक्रेटरींनी लिहिलं, ‘उद्यापासून गेटवर सगळ्या कामवाल्यांच्या पिशव्या चेक होतील.’ मी मीटिंगमध्ये होतो. काही विचार न करता अंगठा दाबला. माझ्यासारखे अजून सतरा अंगठे होते.

चार दिवसांनी अंगठी वॉशिंग मशीनच्या रबरात सापडली. तिनं फोटो टाकला, खाली हसरे चेहरे आले. मावशींबद्दल कुणी काही लिहिलं नाही. मीही नाही. काय लिहिणार, त्या ग्रुपमध्ये नव्हत्याच.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा एका सकाळी त्यांना म्हटलं, “मावशी, ती अंगठी सापडली होती, तुम्हाला कुणी सांगितलं की नाही?”

त्या पोळी लाटत होत्या. म्हणाल्या, “कळलं होतं ना दादा, तेव्हाच. पण गेटवर अजून पिशवी बघतात.”

त्या रात्री मी ग्रुपवर लिहिलं की अंगठी सापडून वर्ष होत आलं, पिशव्या बघणं बंद करू या. अजून तरी फक्त दोन अंगठे आलेत.