खुणेचें ऋण

वाशीम जिल्ह्यांतील खेड्यांत आशा कार्यकर्ती घरोघर जाते आणि तिशी ओलांडलेल्या माणसांना कांहीं प्रश्न विचारते. तोंड उघडतांना त्रास होतो काय? तोंडांतला व्रण दोन आठवडे होऊनहि भरला नाहीं, असें झालें आहे काय? आवाज बदलला आहे काय? स्त्रियांना स्तनांतील गांठीविषयीं आणि पाळी गेल्यानंतरच्या रक्तस्रावाविषयीं आणखी कांहीं. हीं उत्तरें आतां मोबाइलमधून सरकारी संगणकांत जातात. आणि २०२१ सालीं आयुष्मान भारत डिजिटल मिशन सुरू झाल्यापासून रोग्याचे सर्व कागद चौदा आंकडी क्रमांकाच्या एका दोऱ्यांत ओवण्याचा उद्योगहि चालला आहे. हें चांगलें कीं वाईट, हा वाद आम्हांस व्यर्थ वाटतो. आमचा प्रश्न निराळा आहे: जें कळलें, त्याचें ऋण कोणावर चढतें?

प्रथम या विद्येचें सामर्थ्य मान्य केलें पाहिजे. कर्करोग तुकड्यातुकड्यांनीं बोलतो. आज वजन घटलें म्हणून एका डॉक्टराकडे, चार महिन्यांनीं रक्त कमी झालें म्हणून दुसऱ्याकडे, मग पोटदुखीसाठीं तालुक्याच्या गांवीं. प्रत्येकाला एकच तुकडा दिसतो. सगळे तुकडे रोग्याच्या घरीं खुंटीला टांगलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवींत पडलेले असतात, आणि ती पिशवी सबंध वाचण्यास कोणासच सवड नसते. संगणकाला सवड आहे. डेन्मार्कांत १९६८ पासून प्रत्येक नागरिकाला क्रमांक आहे. तेथील साठ लक्षांहून अधिक लोकांच्या रुग्णालयीन नोंदी यंत्राला शिकवून स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा धोका निदानापूर्वींच ओळखण्याचा प्रयत्न संशोधकांनीं केला, तो २०२३ सालीं प्रसिद्ध झाला. बऱ्याच अंशीं तो साधलाहि. परंतु तेंच यंत्र अमेरिकेंतील माजी सैनिकांच्या नोंदींवर लावतांच त्याची दृष्टि मंदावली; तेथील नोंदींवर त्याला नव्यानें शिकवावें लागलें, तेव्हां तें कांहींसें सुधारलें.

आमच्या विषयाचें मर्म येथें आहे. यंत्राला जें कांहीं ठाऊक, तें नोंदींवरून. वाशीमकडे जो दवाखान्यांत पोंचलाच नाहीं, जो दिवाळीनंतर तांडा सोडून परमुलखीं मजुरीला गेला, जिनें लाजेनें आपली गांठ जावेलाहि सांगितली नाहीं, त्यांच्याविषयीं संगणक गप्प असतो. आणि या मौनाला निरोगीपण समजण्याचा मोह शहाण्यासुरत्यांनाहि होतो. गरिबांच्या नोंदी थोड्या असल्या, तर गरिबांना रोग थोडा, असें यंत्र प्रामाणिकपणें सांगेल. त्या असत्याचा दोष त्याच्यावर येणार नाहीं, आमच्यावर येईल.

या बाबतींत महाराष्ट्रापाशीं स्वतःचा दाखला आहे. मुंबईंत १९६३ सालीं कर्करोगाची नोंदवही सुरू झाली. ती मुख्यतः रुग्णालयांतील कागदांवरून भरे, कारण तेथें कागद होते. १९८७ सालीं बार्शीस ग्रामीण नोंदवही निघाली, तेव्हां बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांतील ३४६ खेड्यांत उतरून घेण्यासारखे कागदच फारसे नव्हते. म्हणून नोंद करणारे स्वतः गांवोगांव फिरूं लागले. लक्षणें लोकांना समजावून सांगावीं, संशय वाटेल त्याला तपासणीस न्यावें, आणि मग वहींत नांव घालावें, असा क्रम पडला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वींपेक्षां लवकरच्या अवस्थेंत उपचाराला येऊं लागल्या. वही भरण्यासाठीं केलेली पायपीट अशी औषधाच्या कामीं आली. विजेवर चालणारी नवी वही हा क्रम उलटा करूं पाहील, तर तिच्यावर आमचा विश्वास बसणें कठीण.

कोणी म्हणेल, खूण चुकीचीहि निघते. निरोगी बाईच्या घरांत नाहक रडारड होते, गांवांत कुजबूज होते. आक्षेप खरा आहे. खूण झालेल्यांपैकीं पुष्कळांना रोग नसतो. आणि वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा २०२३ सालीं झाला असला, तरी गांवच्या पारावर कायदा उशिरा पोंचतो. पण यावरून खूण दडवून ठेवावी असें निघत नाहीं. ती एकांतांत, हळुवारपणें आणि पुढच्या तपासणीची सोय करूनच सांगावी, एवढेंच निघतें.

न कळलेल्या रोगाबद्दल पूर्वींच्या वैद्याला कोणी दोष दिला नाहीं, तें योग्यच होतें. परंतु ज्या कचेरीच्या संगणकांत एखाद्या स्त्रीच्या नांवापुढें खूण उमटली, तिला अज्ञानाची सबब उरत नाहीं. समजा, ही स्त्री मानोरा तालुक्यांतील आहे आणि खूण सोमवारीं उमटली. अकोल्यास किंवा नागपुरास जावयाचें म्हणजे दिवसाची मजुरी बुडणार, अर्धें कां होईना एस्. टी.चें भाडें लागणार. सोबतीला नवरा यावा, तर त्याचीहि मजुरी गेली. सोयाबीनच्या सोंगणीचे दिवस असले तर बोलावयासच नको. शिवाय तपासणी एका खेपेंत पुरी होत नाहीं. तुकडा काढला, तर त्याचा निकाल आणावयास पुन्हां जाणें आहे. यांतील एकहि गोष्ट त्या खुणेंत लिहिलेली नसते. ती कोणी विचारावी, आणि विचारून झाल्यावर तिच्याशेजारीं गाडींत कोणी बसावें? आशेवर सोंपवावें, तर तिच्या वांट्यास सुमारें हजार माणसांची वस्ती असते, आणि त्याच सोमवारीं तिच्या मोबाइलवर आणखीहि खुणा उमटलेल्या असतात.