शिक्षिकेची उमेद कोणाच्या हाती?

५ सप्टेंबर २०२० रोजी, शिक्षकदिनी, मी आमच्या धर्मग्रामातील प्राथमिक शिक्षिकांना फोनवरून एक लांबलचक संदेश पाठविला. शाळा मार्चपासून बंद होत्या, चर्चची दारेही बंद होती आणि नागपुरात करोनाचे रुग्ण दिवसेंदिवस वाढत होते. संदेशात मी त्यांना ‘योद्धे’ म्हटले, त्यागाची थोरवी गायिली आणि धीर सोडू नका, असे बजावले. दुसरीला शिकविणाऱ्या एका बाईंचे उत्तर आले : ‘फादर, धीर आहे. मुले कुठे आहेत?’

त्या उत्तराचा अर्थ मला पुष्कळ उशिरा उमगला.

शिक्षकांनी त्या काळात काय केले नाही? राज्यात त्यांना तपासणी नाक्यांवर, स्वस्त धान्य दुकानांवर, घरोघरच्या आरोग्य सर्वेक्षणात उभे करण्यात आले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ शिक्षकांना अशैक्षणिक कामे लावण्यास मनाई करते. पण जनगणना, निवडणुका व आपत्तिनिवारण हे अपवाद आहेत. म्हणजे कायद्याने त्यात वावगे काही नव्हते. कित्येक विनाअनुदानित शाळांत पगार कापले गेले. हे सारे बहुतेकांनी निमूटपणे सोसले. मग मन खचले ते कशाने?

सेमिनरीत आम्हांला संत थॉमस अक्वायनस यांचा अध्यापनविषयक विचार शिकविला गेला. गुरू शिष्यामध्ये ज्ञान ओतत नाही. वैद्य औषध देतो, पण बरे होण्याची शक्ती रोग्याच्या देहातच असते. तसे समजणे ही शिष्याची स्वतःची क्रिया, गुरू तिला केवळ साह्य करतो. तरुणपणी मला वाटे, हा विचार शिक्षकाला नम्रता शिकवितो. साथीच्या काळात त्याची दुसरी बाजू दिसली. ज्या कामाची पूर्तता दुसऱ्याच्या मनात व्हायची, ते झाले की नाही हे त्या दुसऱ्याच्या चेहऱ्यावरच वाचावे लागते. मुलाच्या कपाळावर आठी पडते, मग अलगद विरते. शिक्षिकेची खरी मजुरी तीच. आणि बाईंच्या समोर होते काय? फोनच्या पडद्यावरचे काळे चौकोन. अनेक घरांत फोन एकच, तो बाबांच्या खिशात आणि बाबा कामावर.

अशा वेळी आपण सावित्रीबाई फुले यांचे नाव घेतो. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात रुग्णांची सेवा करताना त्यांना मरण आले. ते धैर्य वंदनीयच. परंतु तसबिरीला हार घालून तेच धैर्य दर महिन्याच्या पगारात मागणे मला न्याय्य वाटत नाही. शिवाय धैर्य आणि उमेद या एक गोष्टी नव्हेत. धैर्य एकट्याने धरता येते. उमेद दोघांच्या मध्ये असते आणि एकाने हात काढून घेतला की दुसऱ्याकडे ती उरत नाही. मी त्या बाईंकडे नेमके तेच मागितले होते, एकटीने दोघांचे काम करणे.

त्याऐवजी मी पालकांना संदेश पाठवावयास हवा होता : रात्री का होईना, मुलाची वही उघडा, त्याने काय लिहिले ते बाईंना कळवा. मला ते सुचले नाही. स्तुती करणे सोपे होते.

२०२२ साली वर्ग पुन्हा नियमित भरू लागले. पहिलीपासून फोनवरच शिकलेला एक मुलगा बाईंकडे मान वर करून बघत राहिला आणि म्हणाला, ‘टीचर, तुम्ही एवढ्या उंच आहात?’ बाईंनी त्या दिवशी हजेरी दोनदा घेतली.